शिक्का नसलेलं केशरी कार्ड

१ मे १९९९ पासून महाराष्ट्रात तिरंगी शिधापत्रिका आल्या. वर्षाचं उत्पन्न पंधरा हजारांपर्यंत असेल तर पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, त्याहून जास्त असेल तर शुभ्र. मी तेव्हा तहसीलच्या पुरवठा शाखेत कारकून होतो. अर्ज तपासताना नेहमी एकच अडचण यायची. शेतमजूर रोजाचा हिशेब सांगायचा आणि आमचा रकाना वर्षाचा असायचा. मग तलाठ्याच्या दाखल्यावर जो आकडा असेल, तोच खरा धरायचा.

अन्न सुरक्षा कायदा राज्यात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. गावात ४४ हजार आणि शहरात ५९ हजारांच्या आत उत्पन्न असलेल्या केशरी कार्डांवर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का बसू लागला. त्यावर माणशी पाच किलो धान्य मिळायचं, गहू दोन रुपयांनी आणि तांदूळ तीन रुपयांनी. पण राज्यातून साधारण सात कोटी माणसंच घ्यायची होती, आणि तीही २०११ च्या जनगणनेवरून. तो आकडा वाटत वाटत तालुक्यापर्यंत यायचा. त्याला इष्टांक म्हणतात. इष्टांक भरला की चाळीस हजार उत्पन्नाचं घरही बाहेर राहायचं. कुणी मयत झालं किंवा लेक सासरी गेली आणि नाव कमी झालं, तरच जागा निघायची. मयताचा दाखला येण्याची वाट पाहत पात्र माणसांचे अर्ज गठ्ठ्यात पडून असायचे. हे मला कधीच पटलं नाही.

मग २०२० चा मार्च आला, आणि करोनाच्या साथीत टाळेबंदी लागली. २६ तारखेला केंद्रानं माणशी पाच किलो मोफत धान्य जाहीर केलं, पण ते अतिगरीब घरांच्या अंत्योदय कार्डांना आणि शिक्क्याच्या कार्डांनाच. वडापच्या गाड्या उभ्या राहिल्या, सलूनं बंद झाली, लग्नाचे आचारी घरी बसले, मुंबईहून माथाडी कामगार गावी परतले. यातल्या कित्येकांच्या कार्डावर शिक्का नव्हता. त्यांच्याकडचा दाखला मागच्या वर्षाच्या कमाईचा, आणि धंदा बुडाला होता गेल्या आठवड्यात.

एप्रिलमध्ये राज्य सरकारनं शिक्का नसलेल्या केशरी कार्डांसाठी मे आणि जूनचं धान्य मंजूर केलं: माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी, दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी. पाच माणसांच्या घराला महिन्याला २४० रुपये. हातात रोकड नसलेल्या घराला ते जड जात होते. पुढे केंद्रानं मे-जूनसाठी ज्या स्थलांतरित मजुरांकडे कार्डच नाही त्यांनाही माणशी पाच किलो धान्य मोफत दिलं. ते योग्यच झालं. पण रीतसर कार्ड काढलेला माणूस तेव्हा पैसे मोजत होता. दुकानाच्या रांगेत त्याला याचं कारण काय सांगायचं, हे दुकानदारालाही सुचत नव्हतं.

माझं तेव्हाही हेच म्हणणं होतं की साथ असेपर्यंत तहसीलदाराला तात्पुरता शिक्का मारण्याचा अधिकार हवा, इष्टांकाबाहेर जाऊन. गावात कुणाची चूल पेटलेली नाही, हे कोतवालाला आणि अंगणवाडीच्या ताईंना दाखल्याशिवाय ठाऊक असतं. त्यांनी नावं सांगावीत, आम्ही धान्य सोडावं.