अहिल्याबाईंचा रुपया आणि नाणी पाडण्याचा कायदा

आपल्या समाजातील वा आपल्या प्रांतातील थोर व्यक्तीच्या नावे सरकारने नाणे काढावे, अशा आशयाचे ठराव अधिवेशनांतून होतात, टाळ्यांच्या गजरात संमत होतात आणि पुढे त्यांचे काय झाले हे कोणी विचारीत नाही. म्हणून अशी नाणी कोणत्या अधिकाराने निघतात आणि पूर्वी ती कशी निघत असत, याचा थोडा विचार धानोऱ्याच्या व आसपासच्या समाजबांधवांपुढे ठेवावा असे वाटते. उदाहरण पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे घेतले आहे. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून जी नर्मदा वाहते, तिच्याच काठी वरच्या अंगास महेश्वर आहे, आणि हा खानदेश पुष्कळ अंशी होळकरांच्या अमलाखाली होता, हे त्याचे एक कारण होय.

मल्हारराव १७६६ साली वारले आणि पुढच्याच वर्षी मालेरावही गेले. त्यानंतर १७९५ च्या ऑगस्टपर्यंत दौलतीचा कारभार बाईंनी पाहिला. महेश्वरच्या टांकसाळीत या काळात जो चांदीचा रुपया पडत असे, त्यावर बाईंचे नाव शोधू जाल तर ते सापडणार नाही. त्यावर फारसी अक्षरांत नाव आहे ते दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे! ज्या बादशहास मराठ्यांच्या आधाराने दिल्लीचे तख्त परत मिळाले, त्याचेच नाव मराठे सरदारांच्या नाण्यांवर असावे, हे आज विपरीत दिसते; परंतु त्यात दास्यबुद्धीपेक्षा व्यवहारबुद्धी अधिक होती. ओळखीचा छाप असलेला रुपया पेठेत चालतो, नव्या छापाच्या रुपयाकडे सराफ संशयाने पाहतो. मात्र त्या परक्या अक्षरांच्या मध्ये बाईंनी आपली खूण ठेवलीच : एक शिवलिंग आणि एक बिल्वपत्र. राज्य शंकराचे आणि आपण केवळ त्याच्या वतीने कारभार पाहणाऱ्या, ही त्यांची धारणा प्रसिद्धच आहे. तीच एवढ्याशा जागेत उमटली आहे. माझ्या मते अठराव्या शतकातील मराठी अमदानीत याहून बोलके नाणे क्वचितच असेल.

त्या काळी नाण्याची पत राजाज्ञेवर नव्हे, तर सराफाच्या पारखीवर अवलंबून असे. रुपया कोणत्या टांकसाळीचा, किती झिजलेला, चांदीचा कस काय, हे पाहून तो बट्टा कापून घेई. चांदवडास होळकरांची टांकसाळ होती. तेथील चांदवडी रुपया खानदेशच्या बाजारांत खेळत असे. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला, सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरी मुलूख खानदेशासह कंपनी सरकारकडे गेला, आणि १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी एकाच वजनाचा व एकाच कसाचा रुपया ठरला. त्यावर इंग्लंडच्या राजाचे मुखवटे आले. आमच्या भागातील भिल्ल व पावरा स्त्रियांनी त्या रुपयांना कड्या लावून ते हारात ओवले. मुखवटा राजाचा की राणीचा, हा प्रश्न त्यांना पडला नाही. चांदी खरी असली म्हणजे झाले.

स्वातंत्र्यानंतर राजाचा मुखवटा गेला आणि १९५० च्या नाण्यांवर अशोकस्तंभाचे सिंह आले. मनुष्याची आकृती परत आली ती १९६४ साली, पंडित नेहरूंच्या निधनानंतर. त्या वर्षी त्यांच्या स्मरणार्थ एक रुपया व ५० पैसे अशी दोन नाणी निघाली. तेव्हा १९०६ चा नाणेविषयक कायदा चालू होता. पुढे त्यासह पाच जुने कायदे रद्द करून २०११ चा कायदा झाला, आणि त्यात ‘स्मारक नाणे’ या शब्दाची व्याख्या प्रथमच घातली गेली. विशिष्ट प्रसंगाच्या वा घटनेच्या स्मरणार्थ सरकारने पाडलेले, भारतीय चलनात मूल्य सांगणारे नाणे, असा तिचा इत्यर्थ आहे. एक हजार रुपयांपर्यंत मूल्याचे नाणे काढण्याचा अधिकार केंद्र सरकारास आहे. मूल्य, धातू, आकार, आकृती हे सारे राजपत्रातील अधिसूचनेने ठरते.

येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. अमेरिकेत प्रत्येक स्मारक नाण्यासाठी तेथील विधिमंडळास स्वतंत्र कायदा करावा लागतो, आणि १९९६ च्या सुधारणेने अशा नाण्यांच्या विषयांस वर्षाला दोनची मर्यादाही घातली आहे. आपल्याकडे एक अधिसूचना पुरते. त्यामुळे काम लवकर होते, हे खरे. पण कोणाचे स्मरण करावे आणि कोणत्या रूपाने करावे, याची चर्चा लोकप्रतिनिधींच्या सभेत होण्याचे कारणच उरत नाही.

बाईंच्या जन्माला ३०० वर्षे झाली, तेव्हा ३१ मे २०२५ रोजी भोपाळ येथे पंतप्रधानांच्या हस्ते त्यांच्या नावाचे ३०० रुपयांचे नाणे प्रकाशित झाले. ज्या बाईंनी आपल्या रुपयावर स्वतःचे नाव घातले नाही, त्यांची मुद्रा प्रजासत्ताकाने नाण्यावर घातली, याचा आनंद कोणास होणार नाही? तथापि असे नाणे पेठेत फिरण्यासाठी नसते. टांकसाळ ते छापील मूल्याहून अधिक दराने विकते, घेणारा ते डबीत ठेवतो, आणि आठवड्याच्या बाजारात मीठमिरची घेणाऱ्या बाईच्या हाती ते कधीच येत नाही.

याच्या उलट १९९९ चे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे अकरा कोनी नाणे पाहा. किराणा दुकानात, एस. टी. च्या वाहकाच्या थैलीत, देवळाच्या पेटीत ते वर्षानुवर्षे फिरले. लोकमान्यांचे पाच रुपयांचे नाणेही (२००७) तसेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा एक रुपया १९९० मध्ये निघाला. २०१५ मध्ये मात्र १२५ रुपयांचे संग्राह्य आणि १० रुपयांचे चालू, अशी दोन्ही नाणी एकदमच निघाली, आणि ही रीत मला सर्वांत योग्य वाटते. पुढे दहा रुपयांची नाणी खोटी असल्याची आवई उठून अनेक ठिकाणी दुकानदार ती घेईनात. तेव्हा १० रुपयांच्या नाण्यांचे १४ नमुने निघाले असून ते सर्व ग्राह्य आहेत, असे रिझर्व्ह बँकेस जानेवारी २०१८ मध्ये जाहीर करावे लागले. सराफाची पारख गेली, पण त्याचा संशय तेवढा मागे राहिला, असे म्हणावयाचे!

तेव्हा यापुढे आपल्या अधिवेशनात असा ठराव आला, तर त्यात केवळ ‘स्मारक नाणे काढावे’ एवढेच न लिहिता ‘चलनात फिरणारे, पाच वा दहा रुपयांचे’ असे शब्द घालावेत. अधिसूचनेने मूल्य ठरत असल्याने त्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. अर्ज केंद्र सरकारच्या अर्थखात्याकडे जावा, आणि जयंतीच्या पुष्कळ आधी जावा.