फ्लोरिडातील करांदा
करांदा, शास्त्रीय नाव डायोस्कोरिया बल्बिफेरा : कोकणात उकडून खाल्ला जाणारा हा कंदवेल १९०५ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात नेला गेला आणि तेथे आक्रमक, म्हणजे स्थानिक झाडांवर चढून त्यांचा सूर्यप्रकाश अडवणारा, ठरला. तेथे त्याला फुले क्वचितच येतात. प्रसार होतो तो पानांच्या बेचक्यांत धरणाऱ्या तपकिरी गाठींमुळे, ज्यांना वायुकंद म्हणतात, आणि हिवाळ्यात वेल वाळला तरी खाली पडलेली सुपारीएवढी गाठही पुढे रुजते, त्यामुळे नुसती छाटणी व्यर्थच. २०११-१२ पासून सोडलेले, याच वेलावर जगणारे आशियाई भुंगेरे अधिक कामी आले. गोल खोडाच्या या वेलाची चौकोनी, पंखदार खोडाच्या कोनफळाशी गल्लत करू नये.