हडपसरची लस आणि आफ्रिकेतील मेंदूज्वर

आफ्रिकेतील ‘ए’ गटाच्या मेनिंजायटिसच्या साथी ज्या लशीने थोपवल्या, ती मेनॲफ्रिव्हॅक पुण्यात हडपसरला तयार झाली. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या, धुळीच्या महिन्यांत हा रोग उसळतो. १९९६-९७ च्या साथीत सुमारे २५ हजार माणसे दगावली. दिवसाकाठी अनेकदा शिरेतून औषध देणे खेड्यांत शक्य नसे, म्हणून तेलातील क्लोरॅम्फेनिकॉलच्या एकाच इंजेक्शनवर भिस्त असे. वाचलेल्यांपैकी काहींना कायमचे बहिरेपण येई.

जुनी लस जिवाणूच्या शर्करामय आवरणापासून बनवलेली होती. दोन वर्षांखालील मुलांवर तिचा परिणाम जेमतेम होई आणि मिळालेले संरक्षणही फार टिकत नसे. हीच शर्करा एखाद्या प्रथिनाला जोडली, तर तान्ह्या शरीरालाही तिची ओळख पटते आणि ती लक्षात राहते. अडचण किमतीची होती. २००१ मध्ये पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी गेट्स फाउंडेशनच्या पैशावर प्रकल्प उभारला, तेव्हा आफ्रिकी देशांची अट स्पष्ट होती : डोस अर्ध्या डॉलरच्या आत हवा. आधी किंमत ठरली आणि मग लस घडली, हे या प्रकल्पाचे सर्वांत मोठे शहाणपण.

सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये स्थापन केलेल्या सीरम इन्स्टिट्यूटने ती अट स्वीकारली. धनुर्वाताची लस बनवण्यात संस्थेचा हात बसलेला होता. त्याच लशीतले प्रथिन शर्करेच्या जोडीला आले. जोडणीची पद्धत अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून मिळाली. पहिली चाचणी २००५ मध्ये भारतातील प्रौढांवर झाली. पण ज्यांच्यासाठी लस होती, त्यांच्यावर ती सिद्ध होणे महत्त्वाचे होते. २००६ मध्ये माली आणि गांबियातील चिमुकल्यांवर चाचणी सुरू झाली.

६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये १ ते २९ वर्षे वयोगटाचे लसीकरण सुरू झाले. दहा डोसांच्या कुपीतली कोरडी भुकटी द्रावात विरघळवून दंडात टोचायची. २०१२ मध्ये बेनिनमध्ये ही लस शीतपेटीबाहेर, ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस नेण्याची मुभा मिळाली आणि बर्फाविना ती दूरच्या वस्त्यांपर्यंत पोहोचली.

२०१७ नंतर या पट्ट्यात ‘ए’ गटाचा खात्रीचा रुग्ण आढळलेला नाही. इतर गटांच्या साथी मात्र सुरूच राहिल्या. त्यासाठी सीरमने पाच गटांवरची मेनफाइव्ह लस तयार केली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वांत आधी वापरात आणली.