झेडएफएस स्नॅपशॉट व प्रतिकृती

झेडएफएस या फाइल प्रणालीतील माहितीची विशिष्ट क्षणीची स्थिती गोठवून ती दुसऱ्या सर्व्हरवर पाठवण्याची पद्धत. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक व मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ मध्ये ही प्रणाली विकसित करण्यास सुरुवात केली. २००५ मध्ये तिचा स्रोत खुला झाला. २०१३ पासून ओपनझेडएफएस प्रकल्प ती सांभाळतो.

झेडएफएस जुन्या ब्लॉकवर कधीच पुन्हा लिहीत नाही. बदललेली माहिती नव्या जागी जाते. त्यामुळे स्नॅपशॉट क्षणात तयार होतो आणि सुरुवातीला जवळजवळ जागाच घेत नाही. मूळ फाइली बदलत किंवा पुसल्या जात गेल्या, की जुने ब्लॉक धरून ठेवल्याने तो फुगत जातो. मात्र तो मूळ डिस्कवरच असतो. डिस्कसंच गेला तर तोही जातो. म्हणून केवळ स्नॅपशॉटला बॅकअप मानणे धोक्याचे आहे.

‘सेंड’ आज्ञा स्नॅपशॉटचा प्रवाह बनवते, ‘रिसीव्ह’ तो दुसरीकडे उतरवते. वाहतूक बहुधा एसएसएचवरून होते. पहिल्यांदा सर्व माहिती जाते, नंतर दोन स्नॅपशॉटमधील फरकच. त्यासाठी दोन्हीकडे एक सामाईक स्नॅपशॉट टिकवावा लागतो. तो स्रोताकडे चुकून पुसला गेला आणि तेथे त्याचा बुकमार्कही (स्नॅपशॉटची नुसती खूण) नसेल, तर साखळी तुटते. सॅनॉइड हे साधन ठरलेल्या वेळी स्नॅपशॉट घेते व मुदत संपलेले काढते. जोडीचे सिंकॉइड प्रतिकृती पाठवते. बॅकअप सर्व्हरनेच माहिती ओढून घेणे अधिक सुरक्षित, कारण मूळ यंत्र हल्लेखोराच्या हाती गेले तरी तेथून प्रती पुसता येत नाहीत.