उथळ रॅम्पवरून होडी पाण्यात सोडणे

गाडीमागच्या ट्रेलरवरून लहान होडी काँक्रीटच्या उतारावरून पाण्यात उतरवण्याची रीत. अमेरिकेत अशा रॅम्पसाठी १२ ते १५ टक्के उतार योग्य मानतात. उतार मंद असला की सगळी अडचण अंतराची होते. ६० सेंमी. खोली मिळवायला १२ टक्के उतारावर ५ मी. आत जावे लागते, तर ५ टक्क्यांवर तब्बल १२ मी.; तेवढ्यात गाडीची मागची चाके आणि धूर सोडणारी नळी पाण्यात जाते. त्यावर उपाय म्हणजे ट्रेलरचा दांडा लांबवणे, किंवा गाडी कोरड्यावर ठेवून ट्रेलर दोराने सोडणे. रूळ बसवलेल्या ट्रेलरवरून होडी थोड्या पाण्यातही घसरते. गालिचा लावलेल्या फळ्यांच्या ट्रेलरला मात्र ती जवळजवळ तरंगावीच लागते.

प्रवासात तापलेली चाकांची बेअरिंगे एकदम थंड पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. म्हणून थोडा वेळ थांबणे बरे. होडीच्या तळाचे बूच लावायला विसरणे ही जुनीच फजिती. होडी ट्रेलरला ओढून धरणाऱ्या विंचचा हुक ती पाण्यात टेकेपर्यंत सोडू नये. रुळांवरची होडी काँक्रीटवर आपटायला क्षणही लागत नाही.

पाणी ओसरले की चांगला रॅम्पही निकामी होतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या लेक मीड जलाशयाची पातळी १९३७ नंतरच्या नीचांकाला गेली, तेव्हा तेथील बहुतेक रॅम्प बंद होते.