मातामाय, देवी आणि दंडावरची खूण

गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यातलं बोदलकसा म्हटलं की लोकांना तलाव आठवतो आणि पलीकडचं नागझिऱ्याचं जंगल. मला आठवते ती या भागातल्या गावागावांतली मातामाय. झाडाखाली शेंदूर फासलेले दगड, फार तर वर पत्र्याचं छप्पर. अंगावर फोड उठले, ताप चढला, की आमच्याकडे रोग झाला असं कुणी म्हणत नसे. ‘माय आली’ म्हणत. घरी आलेल्या पाहुणीला हाकलत नाहीत. तिला थंड ठेवायचं, फोडणी द्यायची नाही, दाराला कडुनिंब बांधायचा.

लस अशा घरात शिरली कशी, हा प्रश्न मला इतिहासातल्या अनेक लढायांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

भारतात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, 14 जून 1802 रोजी. ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. पुढे कित्येक वर्षं एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडात, अशी साखळी चाले. जातीपातीच्या समाजात हे किती अवघड! कुणाचं पाणी कुणाच्या अंगात जाणार, याचा हिशोब आईबापांच्या मनात असणारच. शिवाय आपलं मूल दुसऱ्यासाठी टोचून घ्यायला पुन्हा आणून द्यायचं. तेव्हा विरोधाला नुसतं अज्ञान म्हणून मोकळं होणं बरोबर नाही.

तरीही लोकांनी ती घेतली, आणि कशी घेतली हे आपल्या भाषेत नोंदलेलं आहे. मराठीत रोगाचं नाव ‘देवी’ आणि लस देण्यालाही ‘देवी काढणे’च. टोचणारा माणूस ‘देवी डॉक्टर’. हे नाव सरकारी हुकमाने रुळलं नसावं. टोचणीला लोकांनी देवीविरुद्धचं बंड मानलं नाही, देवीच्याच घरात तिला जागा दिली. माझ्या आजीच्या दंडावर रुपयाएवढी खूण होती. ती मातामायला नारळही फोडायची. दोन्हींत तिला कधी विसंगती दिसली नाही.

याच्या नेमकं उलटं चित्र 1896-97 च्या प्लेगात दिसतं. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात घरझडत्या सुरू झाल्या, सोजिर माजघरात शिरले, माणसं उचलून नेली गेली. 22 जूनला रँडवर गोळी झाडली गेली. त्या मोहिमेचा भर लशीवर नव्हता, झडती आणि विलगीकरणावर होता. पण दवाखाना म्हणजे सरकार आणि सरकार म्हणजे जबरदस्ती, हे समीकरण मनात बसलं आणि लशीलाही तेच भोवलं.

तिकडे मुंबईत वाल्देमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करत होते. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना दिली. आता कैद्याची ‘स्वेच्छा’ ती किती? शहराचा विश्वास त्यातून थोडाच मिळणार! तो मिळाला वेगळ्या वाटेने. तिसरे आगाखान तेव्हा विशीही न ओलांडलेले. त्यांनी खोजा समाजासमोर जाहीरपणे लस टोचून घेतली, हाफकिनना कामासाठी जागा दिली, आणि हजारो खोजे दंड पुढे करून आले. लस तीच होती. सांगणारा माणूस मात्र त्यांच्यातला होता.

फेब्रुवारी 1898 मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावी हाफकिननी प्रत्येक घरातल्या साधारण अर्ध्या माणसांना लस दिली. टोचलेल्या 71 पैकी आठ आजारी पडले, तीन दगावले. न टोचलेल्या 64 पैकी 27 आजारी पडले, 26 दगावले. उरलेल्यांना लशीविना ठेवणं आजच्या नीतीत बसणार नाही, आणि ते आकडे वाचताना मला आजही अस्वस्थ वाटतं. पण हा पुरावा सरकारी तक्त्यात येण्याआधी उंढेऱ्याच्या चुलीपाशी होता. एकाच ताटात जेवणाऱ्या भावांत कोण उरला, हे घराने स्वतः पाहिलं.

विश्वास मोडतोही लवकर. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने मेले. दोष हाफकिनवर आला. ते निर्दोष ठरायला 1907 उजाडलं. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं ते 1925 मध्ये.

आपल्याकडे हा धडा नीट गिरवला तो जामखेडने. 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर, कित्येक दलित बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. बाहेरची नर्स ज्या दारातून परत फिरे, तिथे या बायका ओट्यावर बसून बोलत. 2005 नंतर आलेली आशा ही त्याच विचाराची. ती त्याच गावची रहिवासी असावी, असं योजनेतच म्हटलं आहे, आणि बहुधा ती गावची सून असते. कारण साधं आहे. रात्री बाळाला लशीचा ताप चढला तर बाहेरून आलेला निघून गेलेला असतो, सून मात्र दोन घरं पलीकडे राहते. तिला जाब विचारता येतो, म्हणून तिचं ऐकता येतं.

मात्र या जवळिकीचा भार आपण कुणावर टाकला आहे, तेही पाहायला हवं. नकार देणाऱ्या घरी तीनतीनदा जायचं, बोलणी खायची, आणि हातात नियमित पगार नाही, कामावर आधारित मोबदला. दोनशे वर्षांचा अनुभव सांगतो की लस शीतपेटीतून गावात येते आणि दंडापर्यंत पोचते ती ओळखीच्या माणसाच्या शब्दावर. शीतपेटीच्या बर्फाची आपण काळजी घेतो. त्या शब्दाचीही घ्यायला हवी.