आनंदीबाईंना नुसती थंडी बाधली होती का?

डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेत शिकायला गेल्या, तिथली थंडी त्यांना सोसली नाही आणि क्षयाने त्यांचा अंत झाला, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. यातले ‘थंडी सोसली नाही’ हे मला डॉक्टर म्हणून नेहमी खटकते. थंडीने क्षय होत नाही, तो जंतूमुळे होतो. मग थंडीचा संबंध येतो कुठे?

एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या. पती गोपाळराव सोबत नव्हते. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच गेले होते. डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनमधून ताप या तक्रारीही इथूनच सुरू झाल्या होत्या. त्यामुळे धडधाकट मुलगी अमेरिकेत जाऊन आजारी पडली, हे चित्र काही खरे नाही.

न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी पहिले काही महिने मायेत गेले. खरी परीक्षा फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाली. खोलीतली शेकोटी धूर करायची; म्हणजे एकतर धूर सोसा, नाहीतर गारठा. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. मांसाहार न करण्याचा निश्चय मात्र त्यांनी सोडला नाही. तेव्हाच्या फिलाडेल्फियात, ऐन हिवाळ्यात, शाकाहारी मुलीच्या ताटात काय येत असेल याची कल्पना करा! डाळी-उसळींची सवय असलेल्या माणसाला नुसत्या ब्रेड-बटाट्यावर किती दिवस काढता येतील? शिवाय अभ्यासाचा ताण आणि एकटेपणा होताच.

आता क्षयाचे बघू. हा जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरतो, पण बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला कोंडून ठेवते. असा झोपलेला जंतू काही त्रास देत नाही, दुसऱ्याला लागतही नाही. पुढे वजन उतरले, पोषण कमी पडले, दुसरा मोठा आजार झाला, की तो वर्षांनंतरही जागा होऊ शकतो. आनंदीबाईंना लागण इथे झाली की तिथे, हे आज सांगता येणार नाही. क्षय दोन्हीकडे भरपूर होता. थंडीने एवढेच केले असेल, की बंद खोल्या, धूर आणि अपुरे अन्न यांच्या जोडीला ती आली.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारीही ठरली होती. पण त्या परतल्या त्या खंगूनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्येच दाखवला होता, म्हणजे शत्रू कोण ते कळले होते. त्याच्यावर चालणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडावे लागले.

तुमचा मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला निघाली असेल, तर व्हिसासाठी काढलेल्या छातीच्या एक्स-रेवर निर्धास्त राहू नका. झोपलेला जंतू एक्स-रेत बहुधा दिसत नाही. त्यासाठी त्वचेची किंवा रक्ताची वेगळी तपासणी असते. ती सगळ्यांनाच लागते असे नाही, पण घरात कुणाला क्षय होऊन गेला असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. शाकाहारी मुलांचे बी-१२ आणि ड जीवनसत्त्व निघण्यापूर्वी तपासून घ्या. आणि तिथे दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणे यांपैकी काही झाले, तर ‘हवा मानवत नाही’ म्हणून अंगावर काढू नये. तिथल्या डॉक्टरांना आपण भारतातून आलो आहोत हे आपणहून सांगावे. क्षयाचे रुग्ण त्यांच्याकडे फार येत नाहीत, त्यामुळे तो त्यांच्या चटकन डोक्यात येईलच असे नाही. नेहमीचा क्षय आज साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो.